जावेचा ऊस, माझी लांडगी

माझ्या थोरल्या जावेच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडली, त्या दिवशी मला ताप आला. खरंच आला. अंग तापलं, डोकं ठणकायला लागलं. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर मी म्हणाले ऊन लागलं. मार्गशीर्षातलं ऊन कुणाला लागतं? पण त्यानं पुढं काही विचारलं नाही. मला काय लागलंय ते त्याला ठाऊक होतं.

आमचं घर मेंढरं पाळणाऱ्यांचं. शिरूर कासारपासून आत, डोंगराच्या कडेला आमचं गाव. सासऱ्यांना दोन मुलगे. थोरल्याची ती, धाकट्याची मी. वाटण्या झाल्या तेव्हा सासऱ्यांनी दोन वाटे केले. एका वाट्याला पाझर तलावाखालची सहा एकर, अर्धी चिबड आणि अर्धी वेड्या बाभळींनी भरलेली. दुसऱ्या वाट्याला सत्तर मेंढरं आणि त्यांच्याबरोबर बारा एकर माळ. मेंढरं आमच्याकडं आली. जाऊ दोन दिवस जेवली नाही. मी मात्र पुरणपोळ्या केल्या आणि मुद्दाम तिच्या घरी ताट पाठवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझी दया यायला नको.

मग तलावातला गाळ निघाला, तलाव खोल झाला, पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकायला लागलं. दिरानं बाभळी उपटल्या, चर खणून चिबड जमीन कोरडी केली, विहीर पाडली आणि ऊस लावला. पहिला ऊस कारखान्याला गेला त्या वर्षी त्यांच्या घरावर स्लॅब पडला. दुसऱ्या वर्षी गच्ची झाली, गच्चीवर पाण्याची काळी टाकी बसली, आणि जाऊ संध्याकाळी त्या टाकीला टेकून बसायला लागली. आमच्या पत्र्याच्या घरातून भाकरी थापताना मला ती दिसायची. तिचं तोंड नेहमी आमच्या घराकडं असायचं. मला वाटायचं, ही आपली गंमत बघतेय. तव्यावरच्या कितीतरी भाकरी मी तिच्यापायी करपवल्या.

लोक म्हणतील, उसाचं एवढं काय? ज्यांनी ऊस फक्त चोखला त्यांना ते कळणार नाही. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाव ओस पडायचं आणि आम्ही ट्रॅक्टरमधून घाटाखाली उतरायचो. सातवीपर्यंत माझा प्रत्येक हिवाळा दुसऱ्याच्या फडात गेला. आई तोडायची, बाप मोळी बांधायचा, मी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचे. पाचटानं हात चिरायचे. फडाचा मालक बांधावर खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि त्याची बायको स्टीलच्या किटलीतून त्याला चहा आणायची. मी त्या बाईकडं बघत राहायचे. पुढं वसतिगृहात राहून बारावी झाले, पुस्तकं वाचायला लागले, लग्न झालं, तरी ती किटली काही डोक्यातून गेली नाही. आता ती किटली माझ्या जावेच्या हातात होती. तीही मेंढपाळाचीच लेक, उसाचं एक पान तिनं कधी सोललं नव्हतं.

माझ्याकडं माळ होता. माळाला लोक पडीक म्हणतात. पावसाळ्यात त्यावर कुसळी गवत गुडघ्याएवढं वाढायचं, दिवाळीनंतर ते पिवळं पडायचं. त्यात ससे, तित्तर, खोकड. सकाळी हरणांचा कळप उभा असायचा, मेंढरांना बघून पळतसुद्धा नसे. आणि माळाच्या मधोमध, ओढ्याच्या कोरड्या काठाला एक घळ होती. त्या घळीत दर हिवाळ्याला लांडगी वीत असे.

सासरे होते तोवर घळीच्या आसपास कुणाला मोठ्यानं बोलू देत नसत. त्यांची एक पद्धत होती, ती ऐकून बाहेरची माणसं आम्हाला वेडी समजायची. मेंढ्या व्यायच्या दिवसांत ते कोकरांचा वाडा घळीपासून हाकेच्या अंतरावर बसवायचे. सुताची कमरेएवढी जाळी उभी करायची, तिला आम्ही वाघर म्हणतो. आत कोकरं, बाहेर कुत्री. मी नवीन होते तेव्हा विचारलं, मामा, लांडग्याच्या दारात कोकरं कशाला? ते म्हणाले, ती आपल्या दारात शिकार करत नाही, पिल्लांवर माणसं येतील म्हणून भिते. आणि दुसऱ्या लांडग्याला इथं फिरकू देत नाही. हे पुस्तकात लिहिलंय का मला ठाऊक नाही. पण त्या महिन्या-दोन महिन्यांत आमचं कोकरू कधी गेलं नाही, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

इतर वेळी जायचं. वर्षात चारपाच जायचीच. त्याला सासरे शिव्या देत नसत, "वाटा गेला" म्हणायचे. ज्या दिवशी कोकरू जाई त्या दिवशी त्याच्या आईचं दूध घरात घ्यायचं नाही. ते माळाच्या कडेला एका काळ्या दगडावर ओतून यायचं. सासरे गेल्यावर माझा नवरा ओतायला लागला. मला ते दूध वाया गेलेलं वाटायचं, पण मी बोलले नाही. एवढ्याच एका बाबतीत मी गप्प राहिले असेन.

जावेचा ऊस बघून गावाला ऊस सुचला. एकेकानं बोअर पाडलं, जेसीबी आणला. आमच्या माळाच्या उत्तरेचा माळ फुटला, मग पूर्वेचा. दगडं वेचून बांधाला लावली, तलावाचा गाळ आणून पसरला, आणि जिथं मेंढरं चरायची तिथं वर्षभरात पुरुषभर उंच ऊस उभा राहिला. हरणं आमच्या माळावर दाटीनं यायला लागली. मला आधी बरं वाटलं, आपल्याकडं आली म्हणून. मग ती रात्रीची उसात शिरायला लागली, लोकांनी तारा लावल्या, आणि एका उन्हाळ्यानंतर ती दिसेनाशी झाली. त्यांची जागा रानडुकरांनी घेतली. उघड्यावर राहणारे गेले आणि दाटीत लपणारे आले, असं नवरा म्हणायचा. बारा एकरांचा आमचा तुकडा तेवढा मधे पिवळा राहिला, आणि त्यात ती घळ.

अशात जावेच्या फडात पिल्लं सापडली.

तोडणीवाल्या बाईनं मोळीला हात घातला तर पाचटात तीन पिल्लं. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात, तेव्हा घटकाभरात गावभर झालं की थोरलीच्या उसात वाघीण व्यायली. वनखात्याची गाडी आली. साहेब जावेला ताई म्हणाले. पिल्लं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून त्याच जागी सोडायची, आई येऊन नेईल, तोवर तोडणी बंद, असं त्यांनी सांगितलं. जावेनं सगळ्यांना चहा दिला. कशातून, ते सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात वाघीण पिल्लू तोंडात धरून जाताना दिसली, आणि ते गावातल्या प्रत्येक फोनवर फिरलं. वर्तमानपत्रात जावेचा फोटो आला, डोक्यावर पदर घेऊन, मागं ऊस. तिनं बांधावर खण-नारळ ठेवला. बाळंतीण माहेरी आली, मोकळ्या हातानं कशी पाठवू, असं पत्रकाराला म्हणाली म्हणे. माझी चुलत सासू कौतुकानं सांगत होती आणि मी जोंधळे निवडत मान हलवत होते.

तेव्हा मला ताप आला. माझ्या माळावर लांडगी मी नांदायला आले त्याच्या आधीपासून बाळंत होत होती. कोण साहेब आला? कुणी मला ताई म्हटलं? एका माणसानं तिच्यापुढं नारळ ठेवला नाही. उलट पाहुणे विचारायचे, अजून मारली कशी नाही. आणि हिच्याकडं एकदा काय वाघीण आली, तर गावाला सोहळा. ऊस तिचा, गच्ची तिची, आता बाळंतीणसुद्धा तिचीच. मी अंथरुणात पडून सगळं मोजलं आणि ठरवलं, आपणही ऊस करायचा.

नवऱ्याला सांगितलं. तो नाही म्हणाला नाही, पण हो पण म्हणाला नाही. मेंढरांना कुठं नेऊ, एवढंच विचारलं. मी रोज बोलले. जेवताना बोलले, मेंढरं मोजताना बोलले. थोरल्याची बायको बघा आणि तुमची बघा, म्हणाले. तो विडीसुद्धा ओढत नाही, नाहीतर निदान विडी पेटवायला तरी बाहेर गेला असता. तो नुसता ऐकत राहायचा, आणि ऐकणाऱ्या माणसाला बोलायला फार जोर येतो.

पौषात तो वडवणीकडं एका नातेवाइकाकडं एडका बघायला गेला. कळपातला जुना नर म्हातारा झाला होता. दोन दिवस लागणार होते. तो एस्टीत बसला आणि मी जेसीबीवाल्याला फोन केला.

सकाळी मी वाघर काढली, कोकरं घराजवळ आणली. माळावर परत गेले तर लांडगी घळीच्या वरच्या ढिगावर बसली होती. उन्हाला बसली होती. मला बघून उठली, पण पळाली नाही. मेंढरांमागं तिनं मला सहासात वर्षं बघितलं होतं. ती वळली तेव्हा तिचे सड मला दिसले. भरलेले होते, खाली लोंबत होते. मेंढपाळाच्या घरात नांदलेल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

मग मशीन आलं आणि आवाजानं ती ओढ्यानं खाली निघून गेली. ड्रायव्हर लांबच्या गावचा होता. त्यानं घळीजवळ मशीन थांबवलं, खाली उतरून वाकून बघितलं आणि मला विचारलं, "काकू, आत कायतरी ऱ्हातंय का?"

"न्हाई," मी म्हणाले. "दगडं हायेत नुसती."

त्यानं वरचा ढीग खाली लोटला. मुरूम, दगडं, गवताची मुळं. दहा मिनिटांचं काम. मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं आणि मला ते बरंच वाटलं. दुपारी मी त्याला चहा करून नेला. घरात किटली नव्हती, तांब्यातून नेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा एडका घेऊन टेम्पोतून उतरला. माळ सपाट झालेला त्याला रस्त्यावरूनच दिसला. तो एडक्याची दोरी हातात धरून घळीच्या जागेपर्यंत चालत गेला आणि तिथं उभा राहिला. मी मागून गेले. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते; काय काय बोलायचं ते पाठ होतं.

तो म्हणाला, "किती व्हती?"

मी म्हणाले, "बघितलं न्हाई."

तेवढंच. तो दोरी ओढत घरी गेला. माझं पाठ केलेलं सगळं माझ्याकडंच राहिलं.

पुढच्या सकाळी त्यानं मला "चल" म्हणून माळावर नेलं. मोकळ्या मातीत पावलं उमटली होती. घळ होती तिथं गोल गोल फिरलेली, एकावर एक. मधे हातभर उकरलेलं. तिथं दगड लागला म्हणून बाजूला उकरलेलं, तिथंही दगड, म्हणून आणखी पलीकडं. नवऱ्यानं काही दाखवलं नाही, बोट केलं नाही. तो मला आणून उभा राहिला, एवढंच. पुढच्या चार सकाळी तो एकटाच गेला. चौथ्या दिवसापर्यंत पावलं नवी होती, पाचव्या दिवशी नव्हती. त्या संध्याकाळी त्यानं एका मेंढीचं दूध काढलं आणि काळ्या दगडावर ओतून आला. आमचं कोकरू गेलं नव्हतं.

मी दारातून बघत होते. तो दगडाजवळ उकिडवा बसला होता आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. माझा बाप फडात गेला, साप चावून, तेव्हा हा माणूस माझ्याबरोबर आला होता. सगळं त्यानंच केलं, खांदा दिला, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हाही मला पाणी पाजून तो मेंढरांमागं गेला. आणि आता लांडगीसाठी रडत होता. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल, नंतर. त्या वेळी वाटला तो हेवा. जिची पिल्लं मी गाडली तिचाच हेवा. मी मेले तर हा असा बसेल का, हे माझ्या मनात आलं. माझं मन हे असं आहे, मी काय करू?

ऊस मात्र झकास आला. बोअरला पाणी लागलं, गाळ मानवला. दुसऱ्या दिवाळीला तो पत्र्याच्या वर गेला आणि जावेची गच्ची दिसेनाशी झाली. मी बाजारातून स्टीलची किटली आणली. नवरा म्हणाला, चहा तांब्यातच बरा लागतो. जाऊ बघायला आली, ऊस हातानं दाबून बघितला, चांगला आलाय म्हणाली. मग म्हणाली, आता तुझ्याकडं पण येईल एखादी बाळंतीण.

आली, पण बाळंतपणाला नाही. त्या वर्षी मेंढरं घरामागच्या मोकळ्या तुकड्यात बसायची, ऊस तिथून दहा पावलांवर. वाघर तीच, कुत्री तीच, आमची बसायची रीत तीच. ती सगळी रीत लांडग्यासाठी होती. लांडगा उघड्यावरून येतो, लांबून दिसतो, कुत्री भुंकली आणि आपण ओरडलो की टाकून जातो. बिबट्या दिसतच नाही. दिवेलागणीला मी चुलीपुढं होते. आधी कुत्रं गेलं, भुंकलंसुद्धा नाही. मग वाघरीच्या आत धडपड झाली. नवरा काठी घेऊन पोचला तेव्हा तीन मेंढ्या पडल्या होत्या, चौथी उसात ओढून नेली होती. पाचट हलत होतं, तेवढं दिसलं. आठवड्यात बिबट्या दोनदा आला. दुसऱ्यांदा एडका गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी नवऱ्यानं वाघर गुंडाळून ओझ्यासाठी आणलेल्या घोड्यावर घातली. मेंढरं इथं ठेवता येत नाहीत, म्हणाला. खरंच येत नव्हती. तेव्हापासून तो दसऱ्याला निघतो तो मृगाला परत येतो. डोंगरातून, जिथं जिथं माळ उरलाय तिथून, कळप फिरवत नेतो. आधी तो वर्षभर माझ्या डोळ्यांपुढं असायचा.

तो पहिल्यांदा गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी जाऊ माझ्याकडं दुपारची आली. दुपारची, कारण संध्याकाळी आता कुणी घराबाहेर पडत नाही. तिच्या नातवंडांना शाळेतून आणायला मोठं माणूस जातं. बसल्या बसल्या एकदम म्हणाली, "तू माळ कावून मोडलास गं?"

तुझ्यामुळं, असं माझ्या तोंडात आलं होतं. मी म्हणाले, सगळ्यांनी मोडला म्हणून.

"मी गच्चीवर त्येच्यासाठीच बसायचे," ती म्हणाली. "सांजची तुझी मेंढरं परतायची, तुझा नवरा मागं, तू दारात. आमच्या घरात कोण कुणाकडं बघतंय? लई जळायचे मी तुझ्यावर. आता गच्चीवर गेलं तरी चारी बाजूला ऊसच हाय."

मी तिला चहा दिला, किटलीतून. ती गेल्यावर मला तिचा फार राग आला. हे तिनं दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर मी जेसीबीला फोन केला नसता. तिचा जळफळाट होतोय एवढं कळलं असतं, तर माझं पोट त्यातच भरलं असतं.

यंदा माघात नवऱ्याचा फोन आला. एरवी तो आठवड्यातून एकदा करतो: मेंढरं बरी आहेत, ऊस कसा आहे, ठेवतो. त्या दिवशी आवाज वेगळा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हा आवाज मी ऐकला होता, त्यानंतर विसरले होते.

"आज कोकरू गेलं," तो म्हणाला.

मी विचारलं, बिबट्या?

"न्हाई. लांडगी. सकाळी उघड्यावरनं आली, सगळ्यांच्या देखत. कुत्री मागं लागली, पर न्हेलंच तिनं. टेकाडावर तिची पिलं व्हती. चार. मोजली मी."

दूध ओतलं का, असं मी विचारलं. ओतलं म्हणाला. तिकडं दगड काळा नाही, तांबडा आहे, तरी ओतलं. अजून बरंच काही सांगत होता, गवत किती आहे, वारा कसा आहे, हरणं दिसली ते. इतकं तो माझ्याशी बोलल्याला वर्षं झाली होती. मी पत्र्याखाली उभी होते आणि समोर, दहा पावलांवर, ऊस होता. मला त्या टेकाडाचा हेवा वाटला, त्या कुत्र्यांचा, त्या लांडगीचा तर वाटलाच. मग मी जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मी येऊ का तिकडं? मेंढरांमागं?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता, हे आवाजावरून कळत होतं.

"मग ऊस कोण बघंल?" तो म्हणाला.